घशांतील चव्हाटा

(नभोवाणीवरील भाषण)

मराठी भाषेनें मानेच्या पुढच्या भागाला तीन नांवें दिलीं आहेत आणि त्यांचीं कामेंहि मोठ्या चातुर्यानें वांटून टाकलीं आहेत. गाण्याला लागतो तो गळा, खोकल्यानें धरतो तो घसा, आणि भावनेनें दाटून येतो तो कंठ. मुलगी गोड गळ्याची असते, वक्त्याचा घसा बसतो, आणि मिसरूड फुटण्याच्या सुमारास मुलाचा कंठ फुटतो. कर्ज गळ्याशीं येतें, प्राण मात्र कंठाशीं येतात. या वांटणींत जो चुकेल त्याला मराठी येत नाहीं असें खुशाल समजावें.

शरीरशास्त्रज्ञाला ही वांटणी फारशी उपयोगी पडत नाहीं. कातडी व स्नायु बाजूला सारून तो आंत पाहतो तेव्हां त्याला तेथें एक रस्ता दिसतो, आणि त्या रस्त्याला पुढें फुटलेले दोन फांटे दिसतात. नाकाच्या आणि तोंडाच्या मागून उतरणारी ही स्नायूंची पोकळ नळी कवटीच्या तळाला टांगलेली असते. तिची लांबी सुमारें १२ ते १३ सेंटिमीटर. वैद्यकांत तिला ग्रसनी म्हणतात. तिच्या पुढच्या अंगाला, खालच्या बाजूस, स्वरयंत्राचें दार असतें व त्याच्या पलीकडे श्वासनलिका. आणि ती स्वतः मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर अन्ननलिकेला जाऊन मिळते.

आतां यांतील गैरसोय पाहावी. नाक तोंडाच्या वर व मागें उघडतें, म्हणजे हवा घशांत येते ती मागच्या बाजूनें. आणि तिला जावयाचें असतें पुढच्या नळींत. अन्न तोंडांतून येतें, म्हणजे पुढून. आणि त्याला जावयाचें असतें मागच्या नळींत. तेव्हां या दोन वाटा एकमेकींना कापल्यावांचून गत्यंतरच राहत नाहीं. जिवंत राहण्यासाठीं ज्या दोन गोष्टी शरीरांत अखंड जावयास पाहिजेत, त्या दोहोंना एकाच चव्हाट्यावरून, एकमेकींच्या वाटेंत आडव्या येऊन, जावें लागतें. एखाद्या नगररचनाकारानें असा रस्ता आंखून दिला असता तर नगरपालिकेनें तो नकाशा परत पाठविला असता. चार्लस् डार्विन यानें १८५९ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत या विचित्र योजनेचा उल्लेख केला आहे. अन्नाचा प्रत्येक घांस व पाण्याचा प्रत्येक घोट श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो आणि फुप्फुसांत पडण्याचा धोका पत्करतो, हें त्याला नवल वाटलें होतें.

याचें मूळ फार जुनें आहे. मानवी गर्भांत चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतीला एक लहानसा कोंब फुटतो, आणि त्याचींच पुढें फुप्फुसें होतात. माशासारख्या पूर्वजांत हवेची पिशवी अशीच अन्नमार्गापासून निघाली, आणि नाकाची वाट मात्र वरून आली. एकदां असें घर बांधलें गेल्यावर पुढच्या कोट्यवधि वर्षांत त्यांत दारें बसलीं, कड्या बसल्या, पहारेकरी नेमले गेले. परंतु जिना कोणालाहि हलवितां आला नाहीं.

चव्हाट्याचा वरचा भाग, म्हणजे नाकाच्या मागची जागा, ही सर्वांत शांत. तेथून फक्त हवा जाते. या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक छिद्र असतें व त्यांतून एक नळी थेट कानाच्या पडद्यामागें जाते. सोळाव्या शतकांतील इटालियन शारीरविद् बार्तोलोमेओ युस्ताकी याचें नांव तिला मिळालें आहे. प्रौढ माणसांत ती सुमारें साडेतीन सेंटिमीटर लांब व तिरपी असते; लहान मुलांत ती आंखूड व जवळजवळ आडवी असते. मुलाला पडसें झालें कीं चौथ्या दिवशीं त्याचा कान कां दुखूं लागतो, याचें उत्तर या आडव्या नळींत आहे. ती एरवीं मिटलेली असते आणि गिळतांना क्षणभर उघडते. म्हणून विमान खालीं उतरतांना कानांत दडा बसला तर आवंढा गिळावा किंवा गोळी चघळावी.

थोडें खालीं आलें कीं पडजीभ दिसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कमानींत टॉन्सिल नांवाच्या गांठी. जिभेच्या मुळाशीं व नाकाच्या मागेंहि याच जातीचा मांसल भाग असतो; १८८४ मध्यें जर्मन शारीरविद् वाल्डायर यानें दाखवून दिलें कीं या सर्व गांठी मिळून घशाभोंवतीं एक कडें होतें. आंत येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराला येथें पटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुलांचे टॉन्सिल सरसकट काढून टाकण्याची लाट अनेक देशांत येऊन गेली. वेशीवरचा पहारेकरी वरचेवर जखमी होतो म्हणून त्यालाच हांकलून द्यावें, असाच तो प्रकार होता. आज वारंवार व तीव्र दुखणें, किंवा झोपेंत श्वास अडण्याइतकी वाढ, अशा कारणांशिवाय सहसा सुरी हातीं घेतली जात नाहीं.

परंतु खरी गर्दी चव्हाट्याच्या खालच्या भागांत आहे. तेथें काय घडतें हें घरबसल्या पाहतां येतें. गळ्याच्या मधोमध जो उंचवटा हाताला लागतो, ज्याला कंठमणी म्हणतात, त्यावर बोट हलकेंच ठेवावें आणि आवंढा गिळावा. कंठमणी झपकन् वर उचलला जातो व पुन्हां खालीं येतो. हा मणी म्हणजे ढालीच्या आकाराच्या एका कूर्चेची पुढची कड होय. तिच्या खालीं अंगठीच्या आकाराची दुसरी कूर्चा आहे. अंगठीचा खडा जसा एका अंगाला मोठा असतो तसा तिचा रुंद भाग मागच्या बाजूला असतो. तिच्या वर एक लहान, घोड्याच्या नालासारखें हाड आहे. शरीरांतील दुसऱ्या कोणत्याहि हाडाशीं त्याचा सांधा नाहीं. स्नायु व बंध यांच्या दोऱ्यांवर तें लोंबकळत असतें. गिळतांना हें हाड वर व पुढें ओढलें जातें आणि त्याच्याबरोबर सबंध स्वरयंत्र जिभेच्या मुळाखालीं जाऊन दडतें.

एका सेकंदाच्या आंत जें घडतें तें असें. जीभ घांस मागें लोटते, आणि एवढेंच काय तें माणसाच्या इच्छेनें होतें. घांस कमानीपलीकडे गेला कीं पुढचें सारें आपोआप होतें, आणि तें मध्येंच थांबवितां येत नाहीं. मृदुतालु वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. चहा पितांना कोणी हंसविलें तर तो नाकांतून येतो, त्याचें कारण हा पडदा वेळेवर लागला नाहीं इतकेंच. श्वास थांबतो. स्वरयंत्रांतील दोन पडदे एकमेकांस घट्ट मिळतात व त्यांच्या वरचे दुसरे दोनहि जवळ येतात. पिंपळाच्या पानासारखें एक लवचीक झांकण, ज्याचा देंठ खालीं ढाल-कूर्चेला चिकटलेला असतो, तें मागें कलंडून दारावर पडतें. याला कंठच्छद म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी असते कीं हें झांकण हाच काय तो मुख्य दरवाजा. वस्तुतः खरी कडी खालच्या पडद्यांची आहे. कंठच्छद हा पागोळ्या बाजूला काढून देणाऱ्या वळचणीसारखा आहे. घांस त्याच्या दोन्ही अंगांनीं, दोन पन्हाळींतून, खालीं घसरतो. अन्ननलिकेचें तोंड, जें एरवीं आवळलेलें असतें, तें नेमक्या त्या क्षणीं सैल होतें. मग सर्व कांहीं पूर्ववत् होतें, आणि बहुधा पहिल्यानें सुटतो तो उच्छ्वास. मागें राहिलेला एखादा कण आंत ओढला जाऊं नये म्हणून प्रथम वारा बाहेर सोडावयाचा, ही शरीराची सावधगिरी खरोखर वाखाणण्यासारखी आहे.

किनाऱ्यावरच्या घरांत मासळीचा कांटा अडकतो तो पुष्कळदां टॉन्सिलमध्यें, जिभेच्या मुळाशीं, किंवा याच पन्हाळींत. त्यावर सुक्या भाताचा मोठा गोळा किंवा केळें गिळावयास लावणें हा घरोघरचा उपाय आहे. तो सोडून द्यावा हें बरें. कारण वर दिसणारा कांटा अशानें खोल रुततो आणि चिमट्यानें सहज निघणारें काम अवघड होऊन बसतें.

ही सर्व व्यवस्था जागृत मेंदूवर अवलंबून आहे. म्हणून मूर्च्छित पडलेल्या माणसाच्या तोंडांत पाणी ओतण्याची जी आपुलकीची चाल आहे, ती घातक आहे. पक्षाघात झालेल्या वृद्धाची गोष्टहि तीच. त्याला घट्ट पेजेपेक्षां निव्वळ पाण्यानें अधिक ठसका लागतो, कारण पाणी वेगानें येतें आणि दार लागण्यास उशीर होतो. अशा रोग्याला गिळतां येतें कीं नाहीं हें डॉक्टरांनीं पाहिल्यावांचून तोंडानें कांहीं देऊं नये. ठसका हा तर मित्र आहे. ज्यांचा ठसकाच नाहींसा झाला, त्यांच्या फुप्फुसांत अन्न मुकाट्यानें उतरतें, आणि मग आठ दिवसांनीं घरांत न्यूमोनियाचें नांव निघतें.

लहान मुलांच्या बाबतींत धोका मोठा असतो तो शेंगदाणा, फुटाणा, मण्यासारखा वाटाणा, सुपारीचें खांड अशा गोष्टींचा. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, हंसतां-रडतां खाणें चालूं असतें, आणि श्वासनलिका असते मुलाच्या करंगळीएवढी. दाणा आंत गेला तर तो बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जातो, कारण उजवा फांटा अधिक रुंद व अधिक सरळ असतो. पूर्वीं अशा वेळीं फारसें कांहीं करतां येत नसे. १८९७ मध्यें जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें गुस्ताव किलियान यानें तोंडावाटे सरळ नळी घालून एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासवाहिनींत अडकलेला हाडाचा तुकडा काढला, आणि तेथून दुर्बिणीनें आंत पाहण्याचें शास्त्र सुरू झालें.

पण दुर्बिणीपर्यंत पोंचण्याइतका वेळ नेहमींच मिळतो असें नाहीं. वस्तु स्वरयंत्राच्या दारांतच घट्ट बसली तर हातीं थोडींच मिनिटें असतात. गुदमरलेला माणूस खोकत असेल, बोलत असेल, तर त्याला खोकूं द्यावें. पाठींत धपाटे घालण्याची घाई करूं नये. परंतु आवाजच निघत नाहीं, श्वास आंत जात नाहीं, हात गळ्याकडे जातो, असें दिसलें तर त्याला पुढें वांकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टांचेनें पांच जोरदार तडाखे द्यावे. तेवढ्यानें वस्तु निघाली नाहीं तर मागें उभें राहून, बेंबीच्या किंचित् वर मूठ ठेवून, दुसऱ्या हातानें ती धरून, आंत व वर असे पांच हिसके द्यावे. आणि वस्तु निघेपर्यंत हें आळीपाळीनें चालूं ठेवावें. हे हिसके अमेरिकन डॉक्टर हेन्री हाइमलिक यानें १९७४ मध्यें प्रसिद्ध केले. फुप्फुसांत उरलेली हवाच खालून दट्ट्यासारखी वापरावयाची, एवढेंच त्यांतलें मर्म. एक वर्षाच्या आंतल्या बाळाला मात्र पोटावर हिसका देऊं नये. त्याला हातावर पालथें, डोकें खालीं करून धरावें, पाठीवर पांच थापा द्याव्या, मग उताणें करून छातीच्या मध्यभागीं पांच दाब द्यावे. गर्भवती स्त्रीलाहि पोटाऐवजीं छातीवरच दाब द्यावा. घशांत आंधळेपणानें बोट घालूं नये. त्यानें वस्तु आणखी खालीं जाते. दुसऱ्या कोणी तोंवर १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि माणूस बेशुद्ध झाला तर छातीवर दाब देण्याचा नेहमींचा उपचार लगेच सुरू करावा. हें वाचून येत नाहीं. घरांतील एकानें तरी तें प्रत्यक्ष शिकून घ्यावें.

दार अडतें तें बाहेरच्या वस्तूनेंच असें नव्हे. दारच सुजूं शकतें. १४ डिसेंबर १७९९ रोजीं अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे पहांटे श्वास कोंडून जागे झाले आणि त्याच रात्रीं वारले. दोन दिवसांपूर्वीं ते घोड्यावरून बर्फांत हिंडले होते. आजच्या बहुतेक अभ्यासकांच्या मतें त्यांच्या कंठच्छदालाच सूज आली होती. तीन डॉक्टर उशाशीं होते. त्यांतील सर्वांत तरुण, एलिशा डिक, यांनीं श्वासनलिकेला छिद्र पाडण्याचा उपाय सुचविला. वडीलधाऱ्यांनीं तो मानला नाहीं, आणि त्याऐवजीं शरीरांतून दोन लिटरांहून अधिक रक्त काढलें. लहान मुलांत हाच रोग आणणाऱ्या जंतूवर आतां लस आहे. भारतांत ती २०११ पासून टप्प्याटप्प्यानें सरकारी लसीकरणांत आली. घटसर्पाचें तसेंच. ज्या रोगांत घशावर राखी रंगाचें कातडें धरून मूल गुदमरत असे, त्याचा जंतु क्लेब्स व लोफ्लर यांनीं १८८३-८४ मध्यें शोधला, आणि १८९० मध्यें बेरिंग व किटासातो यांनीं त्यावर प्रतिविष असतें हें दाखविलें. आजच्या तरुण आईबापांना हा रोग ठाऊक नसतो, हें त्या लसीचें यश. आणि ठाऊक नसल्यामुळें लस टोंचून घेण्यांत हयगय होते, हा त्या यशाचा तोटा.

आतां ज्या पडद्यांची कडी वर सांगितली, त्यांच्याकडे वळावयास हरकत नाहीं. त्यांना मराठींत स्वरतंतू म्हणतात. हें नांव फसवें आहे. पण हा दोष मराठीचा नव्हे. १७४१ मध्यें पॅरिसच्या आंत्वान फेरें यानें मृत शरीरांच्या स्वरयंत्रांत हवा फुंकून आवाज काढला आणि या पडद्यांना वाद्याच्या तारांची उपमा दिली. उपमा चिकटली ती चिकटलीच. ते तंतू नव्हेत. भिंतीपासून आंत आलेल्या त्या दोन मऊ घड्या आहेत, प्रौढ पुरुषांत सुमारें दोन सेंटिमीटर लांब व स्त्रियांत त्याहून आंखूड. श्वास घेतांना त्या मागच्या बाजूस दूर होऊन मध्यें त्रिकोणी फट राहते. बोलतांना जवळ येतात, आणि खालून येणारी हवा त्यांना पुनःपुन्हां उघडते व मिटवते. पुरुषाच्या साध्या बोलण्यांत हें सेकंदाला शंभर-सव्वाशें वेळां होतें, स्त्रीच्या बोलण्यांत दोनशें वेळां किंवा अधिक.

पण या घड्या बोलण्यासाठीं निर्माण झाल्या नाहींत. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर नीगस यांनीं माशांपासून माणसापर्यंत कित्येक प्राण्यांचीं स्वरयंत्रें तपासून १९२९ मध्यें एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा कीं स्वरयंत्र हें मुळांत एक झडप आहे. हवेवांचून दुसरें कांहीं फुप्फुसांत जाऊं नये एवढ्यासाठीं ती बसविलेली. आवाज ही मागाहून झालेली प्राप्ति. हमाल ओझें उचलतांना प्रथम श्वास कोंडतो, तो याच झडपेनें. छाती हवेनें ताठ झाल्यावांचून हातांना जोर लागत नाहीं. उचकी म्हणजेहि हीच झडप होय. पोटावरचा पडदा आंचका देऊन हवा आंत ओढतो आणि झडप खाड्कन् बंद होते; आठवण कोणी काढली असो वा नसो. तेव्हां ज्या धोक्याच्या चव्हाट्यामुळें ही झडप बसवावी लागली, त्या चव्हाट्यावांचून माणसाला कदाचित् वाणीच लाभली नसती. बाळपणीं स्वरयंत्र मानेंत उंच असतें व पहिल्या कांहीं वर्षांत खालीं उतरतें. वयांत येतांना मुलांत तें आणखी उतरतें. हें उतरणें फक्त माणसांतच होतें व तें केवळ भाषेसाठीं, असें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुष्कळांनीं मानलें होतें. २००१ मध्यें तांबड्या हरिणाच्या नराचेंहि स्वरयंत्र खालीं उतरलेलें असतें असें आढळून आलें, आणि तें विधान जरा आवरतें घ्यावें लागलें.

जिवंत माणसाच्या गळ्यांत ही झडप हलतांना प्रथम पद्धतशीरपणें पाहिली ती डॉक्टरानें नव्हे, एका गायनाच्या शिक्षकानें. मान्वेल गार्सिया हा स्पॅनिश गवई-घराण्यांतला. १८५४ मध्यें पॅरिसला असतांना त्याच्या मनांत आलें कीं दांतांच्या वैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशांत धरावा व दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश टाकावा. तसें करतांच त्याला स्वतःचाच स्वर निघतांना दिसला. पुढच्या वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचा निबंध वाचला गेला. व्हिएन्नाच्या तुर्क व बुडापेस्टच्या चेर्माक या डॉक्टरांनीं १८५७-५८ मध्यें तो आरसा दवाखान्यांत आणला. गार्सियाला मात्र रोगाशीं कर्तव्य नव्हतें. शिष्यांचे गळे कसे चालतात एवढेंच त्याला पाहावयाचें होतें. १८४१ मध्यें जेनी लिंड ही स्वीडिश गायिका अति गाऊन आवाज गमावून त्याच्याकडे आली, तेव्हां त्यानें तिला पहिला धडा दिला तो कित्येक आठवडे न गाण्याचा. शिक्षक, कीर्तनकार, वकील व फेरीवाले यांनाहि आजचे डॉक्टर हाच धडा देतात, आणि तो क्वचितच पाळला जातो. आवाज बसला असतां कुजबुजून बोलणें म्हणजे विश्रांति, ही समजूतहि सोडावी. ताण देऊन केलेली कुजबूज घड्यांना शिणवितेच.

आरसा हातीं नसतांना किती पाहतां येतें, याचें उत्तर मात्र भारतानें फार पूर्वीं दिलें आहे. कंठमण्यावर बोटें ठेवून ‘स्’ लांबवावा. बोटांना कांहीं जाणवत नाहीं. ‘म्’ लांबवावा, बोटें थरथरतात. प्रातिशाख्यें रचणाऱ्या वैदिक शिक्षाकारांनीं हा भेद केवळ नोंदला नाहीं, त्याचें कारणहि सांगितलें. कंठ मिटला असतां नाद होतो, उघडा असतां नुसता श्वास, आणि दोहोंच्या मधल्या स्थितींत ‘ह’ होतो, असें तैत्तिरीय प्रातिशाख्यांत आहे. आरशांतून हेंच दिसतें. मराठी मूल शाळेंत जी वर्णमाला पाठ करतें ती मुखाच्या नकाशावरून फिरते. कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दांत यांवरून ओठांपर्यंत. तंतोतंत बोलावयाचें तर ‘क’ हा कंठांत होत नाहीं, जिभेचें मूळ मृदुतालूला टेकून होतो; पण एवढी सूट त्या जुन्या मंडळींना खुशाल द्यावी.

या झडपेचा हुकूम ज्या मज्जातंतूनें येतो, त्याची वाट आणखी नवलाची आहे. मेंदूपासून स्वरयंत्र वीतभर अंतरावर. पण डाव्या बाजूचा हा तंतू मानेंतून सरळ छातींत उतरतो, हृदयाच्या वरच्या महारोहिणीच्या कमानीला खालून वळसा घालतो आणि पुन्हां वर चढून गळ्यांत येतो. जिराफांत हा वळसा कित्येक मीटरांचा होतो. रोमन काळांतील वैद्य गेलन यानें दुसऱ्या शतकांत लोकांदेखत किंचाळणाऱ्या डुकराचे हे तंतू तोडून त्याला मुकें केलें, आणि वाणीचा हुकूम मेंदूंतून येतो हें दाखविलें.

या लांबच्या वाटेमुळें आवाज हा छातीचा निरोप्या बनला आहे. फुप्फुसांतली गांठ, महारोहिणीचा फुगवटा, कधीं हृदयाचा वाढलेला डावा कप्पा, यांचा दाब त्या तंतूवर पडला म्हणजे घसा अगदीं निरोगी असूनहि आवाज फाटतो. गळ्यांत पुढें फुलपांखरासारखी पसरलेली अवटु ग्रंथि याच तंतूला खेटून असते. म्हणून तिच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला तो जपावा लागतो. स्वित्झर्लंडच्या थेओडोर कोखर यांना १९०९ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें याच ग्रंथीवरील कामासाठीं. तीन आठवड्यांपेक्षां अधिक काळ घसा बसलेला राहिला, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्याचा, तर ज्येष्ठमधावर भिस्त ठेवूं नये. आंत दुर्बिणीनें पाहून घ्यावें. स्वरतंतूवरचा कर्करोग आरंभींच आवाज बदलतो. रोग्याला एवढी लवकर सूचना देणारे कर्करोग थोडे, आणि त्या अवस्थेंत तो बहुधा बरा होतो.

उशीर झाला तर सबंध स्वरयंत्र काढावें लागतें. कर्करोगासाठीं ही शस्त्रक्रिया प्रथम केली व्हिएन्नाच्या थेओडोर बिलरोट यांनीं, १८७३ सालच्या अखेरच्या दिवशीं. श्वासनलिकेचें तोंड मानेच्या पुढच्या बाजूला कायमचें उघडें ठेवतात, आणि ग्रसनी फक्त अन्नासाठीं राहते. म्हणजे जो चव्हाटा निसर्गाला कोट्यवधि वर्षांत मोडतां आला नाहीं, तो शल्यविशारद दोन-चार तासांत मोडून देतो. दोन रस्ते निराळे होतात. अशा माणसाला जेवतांना दाणा श्वासांत जाण्याची भीति उरत नाहीं. मात्र त्याला नाकानें नीट वास घेतां येत नाहीं, ओझें उचलतांना छाती कोंडतां येत नाहीं, आणि हांक मारतां येत नाहीं.

मग तो नव्यानें बोलावयास शिकतो. कांहीं जण हवा गिळून ढेंकरेसारखी वर आणतात व तिच्यावर शब्द बसवितात. महिनोन् महिने सराव करून त्यांना घरच्यांशीं बोलतां येतें. १९८० च्या सुमारास अमेरिकेंत ब्लॉम व सिंगर यांनीं दुसरा मार्ग काढला. श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीला एक छिद्र पाडून त्यांत सिलिकोनची इवलीशी झडप बसवावयाची. हवा मागें जाईल, अन्न पुढें येणार नाहीं. परदेशी झडप सामान्य रोग्याच्या आवांक्याबाहेरची होती. बंगळूरु येथील डॉक्टरांनीं तिचा अगदीं स्वस्त प्रकार तयार केला आणि त्याला ‘ॐ’ हें नांव दिलें. काढून टाकलेला चव्हाटा येथें टांचणीच्या डोक्याहून थोड्या मोठ्या वाटेनें पुन्हां जोडला जातो. मानेवरच्या छिद्रावर रोगी अंगठा ठेवतो, श्वास सोडतो, हवा त्या वाटेनें अन्ननलिकेंत शिरते, तिच्या भिंती थरथरतात, आणि जाडाभरडा, ओला, पण त्याचाच म्हणून ओळखूं येणारा शब्द तोंडांतून बाहेर पडतो.